अठ्ठ्याऐंशी सेवाखंड

सदर कर्मचारी: स्त्री. वय: चौपन्न. पदनाम: तांत्रिक मदतनीस, श्रेणी तीन, तात्पुरती. विभाग: प्रतिकार-पेशी विकास प्रयोगशाळा, तिसरा मजला. कामाचे स्वरूप: फ्लास्कमधील द्रव बदलणे, अकुशल, पुनरावृत्तीचे. विशेष कौशल्य: निरंक. प्रकाशने: निरंक. सलग सेवा: एकसष्ट दिवस.

हे वर्णन संस्थेच्या दप्तरी आहे, आणि दप्तरी असल्यामुळे खरं आहे. सदर कर्मचारी या इमारतीत पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या मजल्याला खिडक्या बसायच्या होत्या आणि त्याला बावीस वर्षं झाली, ही गोष्ट दप्तरी नाही. बावीस वर्षांतून एकसष्ट दिवस कसे उरवायचे, ते संस्थेला येतं. तात्पुरत्या माणसाला एकोणनव्वद दिवस कामावर ठेवायचं, मग दोन दिवस घरी पाठवायचं आणि त्यानंतर नव्याने नेमणूक द्यायची. मधल्या दोन दिवसांना सेवाखंड म्हणतात. खंड पडला की मागचं सगळं पुसलं जातं. या हिशेबाने मावशी या संस्थेत अठ्ठ्याऐंशी वेळा पुन्हा रुजू झाल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी अर्जात त्यांना कामाचा पूर्वानुभव विचारला गेला होता. त्या रकान्यात त्या दरवेळी ‘आहे’ एवढंच लिहीत.

मावशी हे त्यांचं अर्धं नाव. पूर्ण नाव दाईमावशी. ते पडलं त्यांच्या कामावरून, आणि काम समजायचं तर आधी दाई समजायला हवी.

हाडांतल्या मज्जेतून काढलेली कोवळी पेशी अजून कोणीच नसते. तिला शरीराच्या संरक्षण खात्यात नोकरी लागणार हे नक्की असतं, पण कुठल्या विभागात ते ठरलेलं नसतं. तिला नुसत्या बशीत ठेवलं तर ती मरते. अंग टाकायला तिला दुसऱ्या पेशींची गादी लागते. त्या दाई पेशी. दाईंच्या जाती दोन. एक साधी. दुसरीच्या अंगातून एक प्रथिन हातासारखं बाहेर आलेलं असतं, म्हणून ती हातवाली. साध्या दाईवर ठेवलेली कोवळी पेशी काही आठवड्यांत बी-पेशी होते. हातवालीवर ठेवली, तर कोवळ्या पेशीच्या अंगावरची नॉच नावाची कडी त्या हातात अडकते, ओढ बसते, कडीचा आतला तुकडा तुटतो आणि थेट केंद्रकात जातो. तिथे जनुकांची दप्तरं रचलेली असतात, आणि कुठलं उघडायचं, कुठलं बांधून माळ्यावर टाकायचं हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. तुकडा त्यांना उठवतो, ते एकमेकांना उठवतात, आणि थोड्याच दिवसांत बी-पेशी होण्याचे सगळे कागद माळ्यावर गेलेले असतात. आता ती टी-पेशी होणार. मागे फिरणं नाही.

इतर बरेच निरोप पेशीत हातोहात जातात. दारावरचं प्रथिन पुढच्याला शिक्का मारतं, ते त्याच्या पुढच्याला. “अगदी आपल्या आवक विभागासारखं,” असं प्रयोगशाळेतली तरुण संशोधक, जिला सगळे छोट्या मॅडम म्हणत, एकदा मावशींना समजावत होती.

“फरक आहे,” मावशी म्हणाल्या. “इथे तो पोचतो.”

दाई पेशींचा स्वभाव तापट नाही, पण मानी आहे. दर दोन दिवसांनी त्यांना सोडवून नव्या फ्लास्कमध्ये विरळ पेरावं लागतं. दाटी झाली आणि कोणी फिरकलं नाही, की त्या दाईपण सोडतात आणि चरबीच्या पेशी होतात. अंगात तेलाचे थेंब साठवतात आणि स्वस्थ बसतात. “एकदा चरबी धरली की परत कामाला लागत नाहीत,” असं मावशी नव्या विद्यार्थ्यांना सांगत, आणि सांगताना प्रशासनाच्या चौथ्या मजल्याकडे मुद्दाम बघत नसत.

दोन्ही जाती दिसायला सख्ख्या बहिणी. निळ्या दिव्याखाली हातवाली हिरवी चमकते, पण तो दिवा लावायची परवानगी फक्त कायम कर्मचाऱ्यांना होती. त्यामुळे मावशी नुसत्या डोळ्यांनी ओळखत. साधी भराभर वाढते आणि अंग पसरते. हातवाली जरा मागे राहते, कोपरं काढून बसते. दोघींची सरमिसळ होऊ नये म्हणून मावशींचे नियम होते. साधीचं काम आधी, हातवालीचं शेवटी. साधीच्या द्रवाची बाटली निळ्या चिकटपट्टीची, हातवालीची लाल. प्रत्येक फ्लास्कला नवी पिपेट. दोघींच्या मधे पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मावशींच्या वहीत होतं.

वह्या एकतीस होत्या, जाड पुठ्ठ्याच्या. रोजची तारीख, वेळ, फ्लास्कचा क्रमांक आणि शेरा. ‘तरतरीत.’ ‘रुसली आहे, सीरम नवं आल्यापासून.’ ‘दाट, आजच करणे.’ विद्यार्थी आधी हसत, मग प्रबंध लिहायच्या वेळी येऊन वही मागत.

आता, पेशींना सेवाखंड कळत नाही. म्हणून मावशी खंडातही येत. पुढच्या दाराने नाही, मागच्या, उंदीरघराच्या बाजूने. तिथला पहारेकरी संस्थेच्या नियमांचा आदर करणारा माणूस होता.

“मावशी, आज तुम्ही नाही ना?”

“नाही.”

“बरं. मग या.”

आणि तो आकाशाकडे बघे. मावशी आत जात, सही करत नसत, पेशी पेरत, वही लिहीत आणि दुपारी नसल्यासारख्या निघून जात. अशी एकवीस वर्षं गेली. मग चौथ्या मजल्यावर नवे प्रशासन अधिकारी आले आणि त्यांनी सगळ्या दारांना कार्डं बसवली. पंच्याऐंशीव्या खंडाच्या गुरुवारी मावशींनी मागच्या दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा लागला.

“आता माझ्या आकाशाकडे बघण्याने काही व्हायचं नाही,” पहारेकरी म्हणाला. “हे दार खाली बघतं.”

मावशींनी तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. भिंतीवर त्यांची अकरा मानचिन्हं होती आणि शेवटची पिपेट हातात धरूनही त्यांना अकरा वर्षं झाली होती.

“एवढंच ना?” सर म्हणाले. “मी स्वतः करतो. अहो, मी या पेशी वाढवत होतो तेव्हा तुम्ही...” इथे सर थांबले, कारण तेव्हाही त्या मावशीच वाढवत होत्या. “तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा.”

“सर, साधी आधी. आणि बाटल्यांचे रंग...”

“मावशी, घरी जा. दोन दिवस आराम करा. नियम आहे.”

सरांनी ते दोन्ही दिवस पांढरा कोट घालून काम केलं. छोट्या मॅडमनी त्यांचा फोटो काढला आणि तो संस्थेच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर आला: ‘प्रमुखही हाताने काम करतात.’

शनिवारी मावशी परतल्या. संस्थेला शनिवार-रविवार सुट्टी, पण त्या दोन दिवशीही मावशी येत. त्याला कोणी हरकत घेतली नव्हती, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी साध्या दाईचा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग वहीत लिहिलं: ‘साधी मंद. मधे मधे कोपरं. का?’ सोमवारी त्यांनी सरांना गाठलं.

“सर, द्रवाची बाटली कुठली घेतली होती?”

“जी पुढे होती ती.”

“लाल की निळी?”

“मावशी, मी जनुकांवर काम करतो. चिकटपट्ट्यांवर नाही.”

“मग हे फ्लास्क टाकून देते. टाकीतून जुनी नळी काढून नव्याने वाढवते. दोन आठवडे लागतील.”

“छोट्या मॅडमला आजच पेशी हव्यात. फेकाफेकी नको.”

मावशींनी वहीत लिहिलं: ‘टाकून देऊ का विचारलं. नको म्हणाले.’ आणि कोणाला न सांगता, नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेली जुनी एक नळी काढून इन्क्युबेटरच्या खालच्या खणात वेगळी साधी दाई वाढवायला घेतली. सरांना त्या दोन दिवसांचा थकवा इतका आला होता की पुढच्या खंडापासून त्यांनी आपलं कार्डच गुपचूप मावशींच्या हवाली केलं. त्यामुळे दाराच्या नोंदीत सर दर खंडाला सकाळी साडेसातला हजर दिसू लागले आणि वर्षाखेरीस त्यांना नियमितपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं.

मधल्या काळात शोध लागला होता. छोट्या मॅडम एका ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरवर काम करत होत्या. प्रयोगशाळेत त्याला सतरा नंबर म्हणत. त्यांनी तो कोवळ्या पेशींत घातला, पेशी वरच्या खणातल्या साध्या दाईवर ठेवल्या, आणि तीन आठवड्यांनी बशीत टी-पेशी दिसल्या. हात नाही, ओढ नाही, तरी टी-पेशी. म्हणजे सतरा नंबर एकटाच पेशीचं नशीब फिरवतो. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. ते सहसा संचालकांसाठीच उठत.

“सतरा नंबर न घालता, नुसत्या साधीवर, एक बशी लावू का तुलनेला?” छोट्या मॅडमनी विचारलं.

“ते शंभरदा झालंय,” सर म्हणाले. “जगाला माहीत आहे की साधीवर बी होते. माहीत असलेलं पुन्हा करायला संस्था पैसे देत नाही.”

मावशी मागे बसून नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. सर गेल्यावर म्हणाल्या, “अगं, खालच्या खणात माझी एक साधी आहे. तिच्यावर एकदा करून बघ.”

“मावशी, साधी ती साधी. वरची काय, खालची काय.”

“आमच्याकडे तसं नसतं,” मावशी म्हणाल्या आणि पुन्हा चिठ्ठ्या लावू लागल्या. श्रेणी तीनच्या माणसाने किती बोलावं याचा त्यांना बावीस वर्षांचा, म्हणजे काही दिवसांचा, अनुभव होता.

निबंध छापून आला. शेवटी आभार होते: संचालकांचे, निधी देणाऱ्यांचे, उंदीरघराचे आणि ‘तांत्रिक साहाय्याबद्दल विभागाचे’. मावशींचे हे, म्हणजे यजमान, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून शेवटचं पान दोनदा वाचलं.

“यात तू कुठे आहेस?”

“विभागात.”

“आणि उंदीर?”

“त्यांचं वेगळं लिहिलंय.”

निबंधाला पाच महिने झाले तेव्हा दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पहिली: तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांची पत्रं आली की सतरा नंबर त्यांच्याकडे काहीच करत नाही, साध्या दाईवर बी-पेशीच होतात. दुसरी: तिसऱ्या मजल्यावर एक कायम जागा निघाली. तांत्रिक साहाय्यक, पेशीवर्धन. वयोमर्यादा पंचावन्न. मावशींना पंचावन्न व्हायला चार महिने होते, आणि अशी जागा याआधी नऊ वर्षांपूर्वी निघाली होती. पात्रता: एक वर्ष सलग सेवा. अर्ज प्रमुखांच्या शिफारशीसह.

मावशींनी अर्ज आवक खिडकीवर दिला. कारकुनाने यंत्रात बघितलं.

“तुमचे पन्नास दिवस भरलेत, मावशी. तीनशे पासष्ट हवेत.”

“बावीस वर्षं झाली रे मला.”

“हो, ते दिसतंच की. मी लागलो तेव्हापासून बघतोय तुम्हाला. पण मी बघितलेलं यात टाकता येत नाही.”

“खंडातही येत होते मी. रोजची वही आहे.”

कारकुनाने आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा या खिडकीतून काही उपयोगाचं बाहेर आलं. “वही जोडा मग. खंडात काम झालं असं सिद्ध झालं, तर तो खंड खंडच राहत नाही. सेवा सलग धरावी लागेल. नियमातच आहे. पण हे मी सांगितलं नाही.”

“नाही सांगितलंस,” मावशी म्हणाल्या. नसलेल्या गोष्टींचा त्यांना सराव होता.

इकडे छोट्या मॅडमना झोप लागेना. त्यांनी खालच्या खणातल्या साधीवर प्रयोग लावला होता, पत्रं यायच्या महिनाभर आधीच, कोणाला न सांगता. आता निकाल समोर होता. सतरा नंबर घालून बी-पेशी. सतरा नंबर न घालता बी-पेशी. मग वरच्या खणातली साधी त्यांनी निळ्या दिव्याखाली धरली. काळोखात जागोजागी हिरवे ठिपके चमकत होते.

“मावशी, हातवाली मिसळली आहे हिच्यात.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दिवा लावायची मला परवानगी नाही. मला फक्त वाटत होतं. वहीत लिहिलंय.”

छोट्या मॅडमनी दिवा बंद केला. मग उठून सरांकडे गेल्या, आणि तासाभराने बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा सेवाखंडावर निघालेल्या माणसासारखा होता. दुसऱ्या दिवशी संस्थेने त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली. समितीने पहिल्याच दिवशी मावशींच्या एकतीस वह्या मागवल्या.

त्याच संध्याकाळी सरांनी मावशींना खोलीत बोलावलं आणि बसा म्हणाले. मावशी त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होत्या. ती फिरणारी निघाली.

“मावशी, वह्या उद्या समितीकडे जाणार, आणि पंच्याऐंशीव्या खंडाची दोन पानं कोरी आहेत.”

“हो. मी आले नव्हते.”

“तुम्ही नेहमी येताच.”

“त्या दोन दिवशी कार्ड चाललं नाही. तुम्ही आला होतात.”

“मी आलो होतो,” सर म्हणाले, “पण मी देखरेखीला होतो, असं धरू. हात तुमचेच. दोन पानं भरा, नेहमीसारखी. तरतरीत वगैरे. शिस्तीत काम झालं असं वहीत दिसलं, की इतरांनाच नीट जमत नाहीये असं आपल्याला म्हणता येईल. मग मी तुमच्या शिफारशीवर सही करतो. आनंदाने करतो.”

मावशी विचार करून सांगते म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या, तर चौथ्या मजल्यावरून निरोप. प्रशासन अधिकाऱ्यांकडे चहा होता आणि एक टंकलेला कागद होता.

“तुम्ही खंडात कधीच कामावर आला नाहीत, एवढं लिहून द्या,” अधिकारी म्हणाले. “वह्या म्हणजे खासगी टिपणं. छंद म्हणून लिहिलेली.”

“छंद?”

“बागकाम असतं ना लोकांचं, तसं. नाहीतर संस्थेने अठ्ठ्याऐंशी वेळा नियम मोडला असा अर्थ निघतो. तुमच्याच संस्थेचं नाव जातं. सही केलीत तर तुमच्या नव्वदाव्या नेमणुकीला काही अडचण येणार नाही.”

“आणि कायम जागा?”

“ती नियमाप्रमाणे.”

घरी मावशींनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. यजमान पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसले होते. निवृत्तीनंतर घरातलं काहीच बंद पडत नसल्याने ते चालू वस्तू दुरुस्त करत.

“म्हणजे एकाचं म्हणणं, नव्हतीस तिथे होतीस म्हण. दुसऱ्याचं म्हणणं, होतीस तिथे नव्हतीस म्हण.”

“हो.”

“आणि दोघं एकाच इमारतीत बसतात.”

“एक मजला वरखाली.”

“लिफ्ट आहे ना मधे?”

“आहे. बंद असते.”

यजमानांनी स्क्रू तोंडात धरला, मग काढला. “भर की पान. पेनच फिरवायचंय. जन्मभर नियमाने वागलीस, काय मिळालं? मी सुद्धा कधी तपासणी न करता तपासणीची सही केलीय.”

“कुठल्या लिफ्टची?” मावशींनी दचकून विचारलं.

“तुमच्याच.”

मावशींनी उरलेले स्क्रू गोळा करून वाटीत ठेवले. मग म्हणाल्या, “पान भरलं तर त्या दोन दिवशी मी होते असं होईल. आज ना उद्या ते हिरवे ठिपके बाहेर येणारच. मग पेशी मी मिसळल्या असं होईल. बावीस वर्षांत माझ्या हातून एक फ्लास्क मिसळलेला नाही, अहो. माझ्याजवळ आहे काय दुसरं? कायम केलं तरी त्या जागेवर मग कोण बसणार? पेशी मिसळणारी बाई.”

“आणि अधिकाऱ्यांचा कागद?”

“तो तर सोपा. बावीस वर्षं मी बागकाम करत होते म्हणायचं.”

यजमानांनी रेग्युलेटर बंद केलं. पंखा आता दोनवरच चालू लागला. “मग खरंच सांग,” ते म्हणाले. “निदान लक्षात ठेवायला सोपं.”

समिती बसली तो मावशींच्या चालू सेवेचा एकसष्टावा दिवस होता. अध्यक्ष बाहेरच्या संस्थेतले निवृत्त प्राध्यापक होते. कानाला यंत्र, पण वाचायचं ते बारीक वाचणारे. त्यांनी तीन दिवस वह्या वाचल्या होत्या. बाजूला अधिकारी सचिव म्हणून, समोर सर, कोपऱ्यात छोट्या मॅडम.

“बाई, सेवाखंडात तुम्ही कामावर येत होतात?”

“हो.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

“किती वेळा?”

“खंडाचे एकशे शहात्तर दिवस झाले. त्यातले एकशे चौऱ्याहत्तर.”

“राहिलेले दोन?”

“घरी होते. दाराने घेतलं नाही.”

सरांनी घसा साफ केला. “मावशींची आठवण या वयात जरा...”

“आठवणीचा प्रश्न नाही,” अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी संस्थेचं बातमीपत्र टेबलावर पसरलं. ‘प्रमुखही हाताने काम करतात.’ फोटो झकास आला होता. सरांच्या एका हातात साध्या दाईचा फ्लास्क, झाकण उघडं. दुसऱ्या हातात पिपेट. पिपेटचं टोक बाटलीत. बाटलीला लाल चिकटपट्टी. मागे हातवालीचा फ्लास्क, त्याचंही झाकण उघडं. खाली तारीख.

“वहीच्या अठराव्या पानावर नियम दिलाय,” अध्यक्ष म्हणाले. “लाल बाटली साधीला लावू नये. हा नियम कोणाचा?”

“माझा,” मावशी म्हणाल्या.

“मी तो आमच्या संस्थेला पाठवला तर चालेल?”

मावशींना बावीस वर्षांत कोणी काही पाठवू का असं विचारलं नव्हतं. त्या हो म्हणाल्या. मग अध्यक्षांनी दाराच्या नोंदी उघडल्या आणि गेल्या तिन्ही खंडांत सर सकाळी साडेसातला आलेले दिसतात, पण त्याच वेळी एकदा ते परदेशी परिषदेत भाषण करत होते, हे कसं, असं विचारलं. सरांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी प्रशस्तिपत्राच्या प्रतीकडे पाहिलं, कारण त्यावर त्यांची सही होती.

निकालपत्राचा पहिला भाग अध्यक्षांनी लिहिला आणि तो दीड पानांचा होता. सदर वह्या नियमित, तारीखवार व विश्वासार्ह असून त्यांच्या आधारे पेशींची सरमिसळ सिद्ध होते. निबंध मागे घ्यावा. प्रमुखांनी यापुढे पेशीवर्धनाच्या कामात प्रत्यक्ष हात घालू नये. दुसरा भाग प्रशासकीय असल्याने सचिवांनी लिहिला. सदर वह्या वैज्ञानिक बाबीपुरत्या ग्राह्य असून सेवाविषयक बाबीसाठी अग्राह्य आहेत. कर्मचाऱ्याची सलग सेवा एकसष्ट दिवस. कायम पदासाठी पात्र उमेदवार न मिळाल्याने पद व्यपगत. सेवाखंडाच्या काळात कोणतेही काम झालेले नाही व कोणतेही काम अडलेले नाही, असे प्रमाणित करण्यात येते. मूळ वह्या पुरावा म्हणून प्रशासन विभागाच्या कपाटात जमा.

सरांनी निबंध मागे घेतला. पत्रात कारण लिहिलं, ‘तात्पुरत्या मनुष्यबळाच्या अनुपस्थितीत उद्भवलेली अडचण’. छोट्या मॅडम दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. जाताना खालच्या खणातल्या साधीची एक नळी घेऊन गेल्या, रीतसर सही करून. पावतीवर ‘कोणी वाढवली’ असा रकाना होता. त्यांनी त्यात मावशींचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. कागदावर मावशींचं नाव तेवढं एकदाच आलं.

मावशी रोज येत राहिल्या. नवी वही त्यांनी आणली नाही. अठ्ठावीस दिवसांनी एकोणनव्वदावा सेवाखंड आला. बुधवारी दुपारी त्यांनी सगळे फ्लास्क नेहमीसारखे पेरले, कामाची काचपेटी पुसली, सरांचं कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं.

“हे कशाला?” सर म्हणाले. “उद्या लागेल ना?”

“उद्या मी नाही.”

“ते माहीत आहे हो. पण येणार ना?”

“सर, निकालात लिहिलंय. खंडात काम झालेलं नाही. आपण कशाला खोटं पाडायचं?”

“शुक्रवारी पेरायला नको? मला तर आत हात लावायला बंदी आहे.”

“अडणार नाही,” मावशी म्हणाल्या. “तेही लिहिलंय.”

गुरुवारी त्या घरी होत्या. शुक्रवारी सरांचा चारदा फोन आला. यजमानांनी उचलला आणि सदर कर्मचारी सेवाखंडावर आहे, असं चारही वेळा त्याच आवाजात सांगितलं; त्यांना इतकी मजा निवृत्तीनंतर आली नव्हती. शनिवार-रविवार संस्थेला सुट्टी होती, म्हणून मावशींनीही घेतली. मागच्या दारावरचा पहारेकरी दोन्ही दिवस आकाशाकडे बघत बसला आणि कोणी आलं नाही. टाकीत जुन्या नळ्या होत्या. त्या कुठल्या खणात, कितव्या ओळीत, ते वहीत लिहिलेलं होतं, आणि वह्या चौथ्या मजल्यावर कुलपात होत्या.

सोमवारी सकाळी साडेसातला मावशी नव्वदाव्यांदा नव्या नोकरीवर रुजू झाल्या. पूर्वानुभवाच्या रकान्यात त्यांनी ‘निरंक’ लिहिलं. मग वर जाऊन इन्क्युबेटर उघडला आणि एकेक फ्लास्क मायक्रोस्कोपखाली धरला.

चोवीसपैकी चोवीस फ्लास्कांत चरबी होती.